भीती वर वाटते, धोका खाली असतो: छोट्या रूटवर या चुका टाळा

मुंब्रा देवीच्या डोंगरावर चढाईला येणाऱ्या नव्या मुलामुलींकडे पाहिलं की एका गोष्टीची मला फार काळजी वाटते. रूट (कातळावर चढायचा मार्ग) जेमतेम १५ मीटरचा, सात-आठ बोल्टचा (दोर अडकवण्यासाठी कातळात पक्के बसवलेले खिळे). पण पायथ्यालाच उतार असल्यामुळे पाचव्या बोल्टपाशी मान वळवली की थेट खाली बायपासवरचे ट्रक, रुळावरची लोकल आणि पलीकडे खाडी दिसते. तिथे भल्याभल्यांचे पाय लटपटतात. खरं तर तोवर दोर चार-पाच ठिकाणी अडकलेला असतो. बिले (खालच्या साथीदाराने दोर सांभाळणं) नीट असेल आणि मध्ये कुठे कपार आलेली नसेल, तर सुटलात तरी हवेत लोंबकळाल. जमिनीवर आदळायची वेळ येते ती पहिल्या तीन बोल्टच्या आत, नाहीतर अँकरवरून (रूटच्या वरच्या टोकाला दोर अडकवायची पक्की जागा) खाली येताना. आणि नेमकं तिथेच सगळे निर्धास्त असतात.

हात लांब करून क्लिप करणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दुसरा बोल्ट ४ मीटरवर आणि तिसरा ६ मीटरवर आहे असं धरा. तुमची कंबर ५ मीटरवर आहे, होल्ड बरा आहे, म्हणून तुम्ही हात वर ताणून क्लिप करायला, म्हणजे दोर बोल्टला अडकवायला जाता. त्यासाठी दोर ओढावा लागतो: दुसऱ्या बोल्टपासून हातापर्यंत २ मीटर आणि तिथून परत कमरेपर्यंत १ मीटर, म्हणजे एकूण ३ मीटर. त्या क्षणी हात सुटला तर कंबर जमिनीपासून १ मीटरवर येईल. पाय तोवर टेकलेले असतील, शिवाय दोर ताणला जातो तो वेगळाच.

आता तीच क्लिप बोल्ट कमरेशी आल्यावर केली तर? बाहेर २ मीटरच दोर असतो आणि सुटलात तर कंबर २ मीटरवर थांबते. अंतर फार नाही, पण घोटा वाचतो तो एवढ्यावरच. अर्थात मध्ये उभं राहायला चांगली जागा असेल तर तिथूनच क्लिप करणं शहाणपणाचं. मुद्दा इतकाच की पहिल्या तीन बोल्टपाशी ताटकळत, ताणून, घाईत क्लिप करू नका. आणि क्विकड्रॉ (बोल्टला लटकवलेली पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना कॅराबिनर म्हणजे गेट असलेली धातूची कडी असते) हाताने पकडून लटकण्याचा मोह टाळा. कॅराबिनरमध्ये बोट अडकलं तर गंभीर दुखापत होते.

पहिला बोल्ट उंच असेल तर लांब काठीने खालूनच क्लिप करून घ्या. त्यात कमीपणा कसला? बेलापूरच्या बोल्डरवर (दोराशिवाय चढायच्या बुटक्या खडकांवर) तयार झालेली मुलं इथे हमखास नाक मुरडतात. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला, त्या खेळाचं वेड मलाही आहे. पण तिथे खाली क्रॅश पॅड (जाड गादी) असतं. इथे पायाखाली उतारावरचे सुटे दगड आहेत.

दोर अचानक जड झाला तर

छोट्या रूटवर बोल्ट जवळजवळ असले की झेड-क्लिप पटकन होते. खालच्या क्विकड्रॉच्याही खालून दोर उचलला जातो आणि वरच्यात अडकवला जातो. पुढे दोर हलेनासा होतो. घाबरू नका, नीट पाय रोवा आणि खालच्या क्विकड्रॉमधून दोर काढा. वरचा आता नीट धरतो. ही वेळच येऊ नये म्हणून दोर दरवेळी हार्नेसच्या (कमरेला बांधलेल्या पट्ट्याच्या) गाठीपाशी पकडून वर घ्यायची सवय लावा.

बॅक-क्लिप मात्र अशी कळत नाही, ती डोळ्यांनीच पाहावी लागते. दोर कातळाच्या बाजूने येऊन क्विकड्रॉमधून तुमच्याकडे बाहेर यायला हवा. उलटा अडकला तर पडताना तो गेटवर घासून सुटू शकतो. दोर पायामागे गेलाय का तेही बघा. तसं पडलात तर डोकं खाली, पाय वर. हेल्मेट घातलेलंच हवं.

बिले देणाऱ्याची जागा

फोटो चांगला येतो म्हणून मागे जाऊन उभं राहणं ही इथली नेहमीची चूक. मागे उभा असलेला बिलेअर झटक्यासरशी कातळाकडे खेचला जातो, आणि तो जितका खेचला जाईल तितका चढणारा आणखी खाली येतो. कातळाला लागून, किंचित बाजूला उभे राहा, म्हणजे वरून दगड सुटला तर डोक्यावर येणार नाही. पायाखाली अरुंद पट्टी आणि पुढे उतार असेल तर बिलेअरने स्वतःलाही अँकर करून घ्यावं. ब्रेकचा हात दोरावरून सुटता कामा नये, मोबाइल वाजला तरी.

वरचं एक्सपोजर

वर पोहोचल्यावर खालची मोकळी उंची पाहून जी भीती वाटते, त्यावर उपाय धाडसाचा नाही, सरावाचा आहे. आधी टॉप रोपवर (दोर आधीच वरच्या अँकरमधून घेऊन) रूट दोन-तीनदा करून पावलं पाठ करा. नजर खाडीवर नको, पुढच्या पावलावर हवी. होल्ड गरजेपेक्षा घट्ट आवळला की हात भरतात आणि मग सोपी चालही निघत नाही.

पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेरीत बेसॉल्टचे होल्ड आधी हलक्या हाताने ठोकून बघा, पोकळ वाजले तर सोडा. खाडीच्या खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात. हँगर (बोल्टवरची धातूची पट्टी) फिरत असेल किंवा गंजाचे ओघळ दिसत असतील तर त्या रूटवर चढूच नका. आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता माघारी फिरा.

अँकरवरून खाली

वर पोहोचल्यावर दोराने खाली सोडायचं की रॅपल करायचं (स्वतःच दोरावरून उतरायचं), हे जमिनीवर असतानाच ठरवा. मुंब्र्याला ट्रकच्या हॉर्नमध्ये वरचं बोलणं खाली ऐकू येत नाही. ‘ऑफ बिले’ (आता बिले नको) ऐकल्यासारखं वाटलं म्हणून बिले काढून टाकला, असले गैरसमज जीव घेतात.

क्विकड्रॉ काढून अँकरच्या रिंगमधून दोर ओवायचा असेल तर आधी स्लिंगने (हार्नेसला बांधलेल्या पट्टीने) अँकरला अडका आणि त्यावर वजन टाकून बघा. मग दोराचा दुहेरी फास रिंगमधून घ्या, त्याला आठाची गाठ मारा, ती लॉकिंग कॅराबिनरने बिले लूपला (हार्नेसच्या पुढच्या मजबूत फाशाला) लावा. हे सगळं झाल्यावरच जुनी गाठ सोडा. या पद्धतीत बिले कधीच निघत नाही. बिलेअरला दोर ताणायला सांगा, वजन दोरावर आलंय याची खात्री करा आणि मगच स्लिंग काढा.

राहिलं दोराचं मोकळं टोक. १५ मीटरचा रूट म्हणून कापून आखूड झालेला ३० मीटरचा दोर आणतात. बिलेअर उतारावर दोन पावलं खाली उभा असतो आणि दोर मध्येच संपून त्याच्या बिलेच्या डिव्हाइसमधून सटकतो. चढायला सुरुवात करण्यापूर्वी बिलेअरकडच्या टोकाला गाठ मारा, नाहीतर ते टोक दोराच्या बॅगेला बांधा.