मिसाईल 'अचूक' म्हणजे किती अचूक? बातमी वाचायची कशी आणि गच्चीवर करून बघायचं कसं

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर भाताणच्या बोगद्यात शिरताना एकदा मोबाईलमधल्या मॅपकडे नीट बघा, म्हणजे शेजारी बसला असाल तर, चालवत असाल तर नको. वर डोंगर, सॅटेलाईटचा सिग्नल गायब, तरी बऱ्याच फोनमध्ये तो बाण आपला पुढे सरकतच राहतो, कारण फोनने अंदाज बांधलेला असतो की हा ऐंशीने आत शिरला म्हणजे आत्तापर्यंत इतका पुढे गेला असणार. आणि आत दोन ट्रक शेजारी-शेजारी चाललेत, तुम्ही त्यांच्या मागे चाळीसने रखडताय, तर बाण कधीच बोगद्याबाहेर आणि तुम्ही अजून आत पिवळ्या दिव्यांखाली. बाहेर आलात की बाण टुणकन उडी मारून जागेवर येतो.

लांब पल्ल्याचं मिसाईल मुळात असंच रस्ता काढतं. कुठून निघालो, कुठल्या दिशेला, किती जोरात, किती वेळ, यावरून आता कुठे असणार. फरक इतकाच की त्याचा अंदाज भयंकर चांगला असतो आणि बऱ्याचदा त्याला बोगद्याबाहेर यायला मिळतच नाही.

चाचणी झाली की टीव्हीवर 'लक्ष्याचा अचूक वेध' आणि लगेच फॅमिली ग्रुपवर 'आपलं मिसाईल खिडकीतून आत घुसतं', हे ठरलेलं. त्यातलं किती खरं ते आपलं आपण पारखायचं असेल तर काय करायचं ते सांगतो. सामान फार नाही, फोन, खडू, शिंप्याची टेप, वीस चिंचोके, आणि गणित शाळेतलं.

आधी बघायचं, गोफण आहे की ड्रायव्हर

बातमीत पहिला शब्द शोधायचा तो बॅलिस्टिक की क्रूझ. बॅलिस्टिक म्हणजे गोफण. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणारा माणूस गोफण गरागरा फिरवतो आणि एका क्षणी दोरीचं एक टोक सोडतो, त्यानंतर दगड कुठे पडणार यात त्याचा काडीचा हात नसतो, जी काय कारागिरी ती सोडेपर्यंतच. अग्नी-५ असो, अमेरिकेचं मिनटमन असो नाहीतर १९४४ च्या सप्टेंबरपासून जर्मनांनी लंडनवर टाकलेलं व्ही-२ असो, सगळ्यांची जात हीच. व्ही-२ चं इंजिन साधारण मिनिटभर चालायचं, वेग ठरलेल्या आकड्याला पोचला की बंद, पुढचं सगळं अंतर नुसतं फेकलेल्या दगडासारखं. पल्ला सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आणि चूक कितीतरी किलोमीटरची, म्हणून त्याचं लक्ष्य कधी एखादा पूल किंवा कारखाना नसायचं, लंडन शहर हेच लक्ष्य.

एवढी चूक कशी काय, तर एक गणित करून बघा. पंचेचाळीस अंशात फेकलेल्या वस्तूचा पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले ९.८. (हवा आणि पृथ्वीचा गोलपणा सोडून दिलाय, अंदाजापुरतं चालतं.) सेकंदाला १७१५ मीटर वेग धरा, उत्तर येतं जवळपास ३०० किलोमीटर. आता १७१५ च्या जागी १७१६ टाका. साडेतीनशे मीटर पुढे! एक मीटर पर सेकंद म्हणजे आजोबा सकाळी काठी टेकत फिरायला जातात तो वेग, तेवढी चूक झाली इंजिन बंद करताना आणि दगड पार पुढच्या गल्लीत. दुसऱ्या खंडात जाणाऱ्या मिसाईलचं तर विचारू नका, तिथे पृथ्वीचा गोलपणा मध्ये येतो आणि त्याच एका मीटरची चूक लक्ष्यावर काही किलोमीटरची होते.

क्रूझ म्हणजे ड्रायव्हर. छोटं विमानच ते, शेवटपर्यंत इंजिन चालू, शेवटपर्यंत स्टिअरिंग हातात. त्याचं पुढे सांगतो.

टेबलावरचा फोन पळवून बघा

आता मिसाईलला आपला वेग कळतो कसा? आत दोन प्रकारची यंत्रं असतात, अ‍ॅक्सेलरोमीटर धक्का मोजतो आणि जायरोस्कोप वळण. दोन्ही मिळून इनर्शियल नेव्हिगेशन सिस्टिम, आयएनएस. (हो, इथे आयएनएस म्हणजे विक्रांत नाही.) तुमच्या फोनमध्ये दोन्ही आहेत, फक्त चार आण्याचे. फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या युनिव्हर्सिटीने केलेलं, ते टाका, त्यात गुरुत्वाकर्षण वगळून अ‍ॅक्सेलरेशन दाखवणारा ऑप्शन निवडा, फोन जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि हात लावू नका. फोन हललेला नाही, म्हणजे आकडा शून्य यायला हवा. माझ्याकडे ०.०२ च्या आसपास थरथरत होता. बायको म्हणाली भूकंप झाला का, म्हटलं नाही, सेन्सर स्वस्त आहे.

आता तो ०.०२ खरा मानून चाला. अर्धा गुणिले ०.०२ गुणिले सेकंदांचा वर्ग. एका मिनिटात ३६ मीटर. दहा मिनिटांत ३६०० मीटर, म्हणजे फोन टेबलावर पडून आहे आणि हिशोबाप्रमाणे तो साडेतीन किलोमीटर लांब जाऊन पोचलाय. वेळ दहापट, चूक शंभरपट. या एकाच कारणामुळे चांगली आयएनएस बनवणं इतकं महाग आणि अवघड, आणि या एकाच कारणामुळे ती कुणी कुणाला सहजासहजी विकत नाही. आपल्याकडे हे काम मुख्यतः हैदराबादच्या रिसर्च सेंटर इमारतमध्ये होतं. (पुण्याचाही हात आहे मिसाईलमध्ये, पण तो सुतारवाडीच्या एचईएमआरएलमध्ये, इंधन आणि स्फोटकांचा.) अग्नी-५ मध्ये रिंग लेझर जायरो आहे, फिरतं चाकच नाही, प्रकाशाचे दोन किरण उलटसुलट दिशेने फिरवतात आणि वळलं की दोघांत फरक पडतो तो मोजतात.

या वेडाचं टोक बघायचं असेल तर अमेरिकेच्या पीसकीपर मिसाईलमधलं यंत्र, द्रवात तरंगता ठेवलेला गोळा, आत एकोणीस हजारांच्या आसपास सुटे भाग. त्याची वळणातली चूक सांगतात तासाला ०.००००१५ अंश. भागाकार केला तर पूर्ण एक अंश चुकायला साडेसात वर्षं लागतील. आणि मिसाईल उडणार अर्धा तास.

यंत्र चांगलं झालं तरी दुखणं संपत नाही, कारण हे यंत्र गुरुत्वाकर्षण स्वतः ओळखू शकत नाही, ते आधी पढवून ठेवावं लागतं, आणि ते सगळीकडे सारखं नसतं. गवंड्याचा ओळंबा घ्या, आपण म्हणतो तो सरळ खाली लोंबतो, पण मोठा डोंगर शेजारी असेल तर तो किंचित डोंगराकडे झुकतो. एकोणिसाव्या शतकात भारताची मोजणी करताना इंग्रजांना हे चांगलंच नडलं, हिमालयाच्या बाजूला कलियाना आणि खाली कल्याणपूर या दोन ठिकाणांमधलं अंतर ताऱ्यांवरून काढलं तर वेगळं आणि जमिनीवर मोजलं तर वेगळं, फरक ५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आणि थोडा वर, मग प्रॅट नावाच्या पाद्र्याने त्यावर हिशोब मांडला. मिसाईलवाल्यांना आज तोच ओळंबा नडतो, म्हणून सुटण्याच्या जागेभोवतीचं गुरुत्वाकर्षण आधी मोजून ठेवतात.

रस्ता विचारायचा कुणाला

शहाणा माणूस रस्ता चुकला की पानटपरीवर विचारतो. मिसाईलही विचारतं, पण टपऱ्या वेगवेगळ्या.

पाणबुडीतून सुटणाऱ्याची तर सुरुवातच संशयात, पाणबुडीला स्वतःलाच आपण नक्की कुठे आहोत हे मीटरच्या हिशोबात माहीत नसतं. म्हणून अमेरिकेचं पाणबुडीवरचं ट्रायडंट मिसाईल वातावरणाबाहेर गेल्यावर ताऱ्याकडे बघून आपली दिशा सुधारून घेतं, जुने खलाशी करायचे तेच. ताऱ्याला कुणी जॅम करू शकत नाही, म्हणजे गोंधळ घालून त्याचा सिग्नल बंद पाडू शकत नाही, हा मोठा फायदा.

क्रूझवाले जमिनीला विचारतात. अमेरिकेच्या टॉमाहॉक क्रूझ मिसाईलच्या पोटात वाटेतल्या चढउतारांचा नकाशा आधीच भरलेला असतो, खाली रडार मारून ते उंची मोजत जातं, टेकडी, दरी, परत टेकडी, आणि जुळवून बघतं की ही ओळखीची जागा का. शेवटी लक्ष्याजवळ कॅमेऱ्याने खालचं चित्र आठवणीतल्या चित्राशी ताडून बघतं. आता यात गोची बघा. १९९१ च्या आखाती युद्धात टॉमाहॉक पहिल्यांदा लढाईत वापरलं आणि इराकचं वाळवंट पडलं सपाट, जुळवायचं काय, सगळीकडे नुसती वाळू. त्यामुळे चढउताराच्या वाटा शोधून तिकडून न्यावी लागली. जीपीएस त्याच्या पुढच्या मॉडेलमध्ये आलं.

आणि जीपीएस. आपल्याला वाटतं सगळं त्यावरच चालतं. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं गेली, आयएनएस विमानात होती पण ऑटोपायलट तिचं ऐकतच नव्हता. त्यानंतर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रीगन यांनी आपलं जीपीएस सगळ्या जगाला द्यायचं जाहीर केलं, पण २००० च्या मे महिन्यापर्यंत सामान्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची, शंभर मीटरपर्यंत. आज फोन उघड्यावर पाचेक मीटरमध्ये जागा सांगतो. पण सिग्नल इतका क्षीण असतो की जवळ साधा जॅमर लावला तरी मेला. शिवाय उपग्रह दुसऱ्याचे. नाविक नावाचं स्वतःचं जीपीएस उभं करायची आपली धडपड त्यासाठीच, पहिला उपग्रह २०१३ च्या जुलैमध्ये गेला, आणि त्यातसुद्धा अणुघड्याळं बंद पडल्याने भरपूर मनस्ताप झाला. म्हणून लांब पल्ल्याच्या मिसाईलमध्ये आयएनएस हा घरचा माणूस, जीपीएस आला तर पाहुणा.

चिंचोके टाका आणि सीईपी काढा

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, बाकी विसरलात तरी चालेल. अचूकतेचा आकडा दिला असेल तर तो बहुतेक सीईपी, म्हणजे सर्क्युलर एरर प्रोबेबल, असतो. ते काय ते गच्चीत कळतं.

खडूने फुली काढा, पाच पावलं मागे या, वीस चिंचोके एकेक करून फुलीवर टाका. (चिंचोके उसळतात, गोणपाट अंथरा.) मग टेपने प्रत्येकाचं फुलीपासूनचं अंतर मोजून लहानापासून मोठ्यापर्यंत लिहा. दहावा आणि अकरावा यांच्या मधला आकडा हा तुमचा सीईपी. माझा दहावा ३१ सेंटिमीटरवर, अकरावा ३५ वर, म्हणजे सीईपी ३३. आणि सगळ्यात लांबचा? ९४ वर, तुळशीच्या कुंडीजवळ.

आता कळलं का गंमत, सीईपी म्हणजे 'यापेक्षा जास्त चूक होत नाही' असं नाही, तर अर्धे याच्या आत आणि अर्धे याच्या बाहेर. कागदावरच्या गणिताने दुप्पट वर्तुळात ९४ टक्के मावतात, माझे वीसपैकी सतराच मावले. म्हणजे सीईपी दहा मीटरचं मिसाईल खिडकीतून गेलं तर तो नशिबाचा भाग, ग्रुपवरच्या काकांना हे सांगून बघा, मी सांगून थकलो.

माझ्या चिंचोक्यांत अजून एक दिसलं, बरेचसे फुलीच्या उजवीकडे पडले होते. विखुरणं वेगळं आणि सगळ्यांनीच एकीकडे सरकणं वेगळं. सरकणं दुरुस्त होतं, थोडं डावीकडे नेम धरला की झालं, विखुरण्याला इलाज नाही, त्याला हातच सुधारावा लागतो. एखाद-दुसऱ्या चाचणीवरून सीईपी कळत नाही तो यामुळेच, एक चिंचोका फुलीवर पडला म्हणून कोणी नेमबाज होत नाही.

उघड प्रकाशनांतले आकडे अंगवळणी पडावेत म्हणून, मिनटमन-३ चा साधारण १२० मीटर, पीसकीपरचा ९० च्या आसपास, तेही खंड ओलांडून. १९८३ ला अमेरिकेने युरोपात आणलेलं पर्शिंग-२ तीसेक मीटर, पण ते खाली येताना रडारने जमीन बघून स्वतःला वळवायचं, नुसती गोफण नव्हती ती. उलट १९९१ मध्ये इराकने सोव्हिएत बनावटीची स्कड मिसाईलं ताणून पल्ला वाढवला तर चूक किलोमीटरांत गेली आणि कित्येक तर खाली येतानाच तुटली. आणि आकड्यामागे लोक इतके का लागतात, तर चूक निम्मी केली की त्याच परिणामाला स्फोटकांची ताकद आठपट कमी चालते.

आता एखादी खरी बातमी घ्या. ११ मार्च २०२४, मिशन दिव्यास्त्र, अग्नी-५ ने एकापेक्षा जास्त वॉरहेड (मिसाईलच्या टोकाशी असतो तो स्फोटकाचा भाग) वेगवेगळ्या जागी नेले. सरकारी निवेदनात काय, तर देशी एव्हिऑनिक्स (आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), अचूक सेन्सर, आणि हवी होती तेवढ्या अचूकतेत लक्ष्यबिंदूवर पोचले. हवी होती तेवढ्या म्हणजे किती मीटर? ते लिहिलेलं नाही, लिहिणारही नाहीत, कुठलाच देश लिहीत नाही, त्यात गैर काही नाही. पण मग खाली चॅनेलने 'दहा मीटरची अचूकता' असं ठोकून दिलं असेल तर तो आकडा कुणी दिला, किती चाचण्यांवरून दिला आणि तो सीईपी आहे की एकाच फेकीचं अंतर, एवढं शोधायचं. सापडलं नाही तर फॉरवर्ड करायचं नाही, किंवा करा, पण मग काकांना चिंचोक्यांचाही फोटो पाठवा.