क्ले शूटिंगचा गॉगल घेताय? या चुका टाळा

ट्रॅप किंवा स्कीटला, म्हणजे हवेत उडवलेली तबकडी (क्ले) बंदुकीनं फोडायच्या खेळाला, लागलेली आपली पोरं गॉगल कसा घेतात तर व्हिडिओत मोठ्या नेमबाजाच्या डोळ्यावर कुठला रंग आहे ते बघून, आणि इथंच पैसे वाया जातात. जांभळट लेन्स हिरव्या रंगाला दाबते म्हणून मागं दाट झाडी असेल तिथं नारंगी क्ले मस्त उठून दिसते. पण आपल्या लातूर-बीडकडं एप्रिलमधी हिरवं असतं कुठं? नांगरलेलं रान, वाळकं गवत अन् वर पांढरंफटक आभाळ. नारंगी लेन्स निळ्या आभाळावर लई भारी, पण वाळक्या गवतालाही तीच उजळवते, मग क्ले खाली आली की त्यात हरवते. म्हणून आधी मागचं रान बघा, मग रंग ठरवा.

दुसरं, पिवळी लेन्स दिवसभर घालू नका. ती ढगाळ हवेसाठी, धुक्यासाठी. डिसेंबरात दिल्लीच्या कर्णीसिंग नेमबाजी रेंजवर सकाळी धुकं असलं तर ती कामाची, पण आपल्या बारा वाजताच्या उन्हात डोळे बारीक होतात आणि तासाभरात थकतात, तिथं ब्राऊन बरी. उलट काहीजण एकदम काळी घेतात, त्यात क्लेची कडच लागत नाही. अवघी ११० मिलिमीटरची तबकडी आहे हो ती! आपोआप रंग बदलणारी लेन्स पण नको, सावलीतून उन्हात आलं की तिला वेळ लागतो.

फ्रेमकडं तर कुणी बघतच नाही आणि माझ्या मते निम्मी अडचण तिथंच आहे. गाल स्टॉकला, म्हणजे बंदुकीच्या दस्त्याला, टेकला की मान पुढं झुकते, आपण लेन्सच्या वरच्या भागातून बघतो, साध्या फॅशनच्या गॉगलची वरची कड नेमकी तिथंच आडवी येते. नाकावर उंच बसणारी फ्रेम घ्या. नंबरवाल्यांनी चष्मेवाल्याला बंदूक धरल्यासारखी मान करून दाखवा, नंबरचा मध्य त्या हिशोबानं वर घ्यायला सांगा, नाहीतर क्ले पुसट दिसते.

काच पॉलिकार्बोनेटचीच पाहिजे, फुटलेल्या क्लेचे तुकडे उडून येतात. फक्त ती धूळ बसलेली असताना रुमालानं कोरडी पुसू नका, लगेच चरे पडतात, आधी पाणी मारा.

आणि दुकानात आरशासमोर उभं राहून निवडू नका. रेंजवर दुसरे मारत असताना मागं उभं राहून मित्रांच्या दोन-तीन लेन्स बदलून बघा, कुठल्या लेन्सनं क्लेची कड लवकर सापडते तेवढंच बघा.