टीमच्या पोरींना आवडणारी कॅप्टन कसं व्हायचं, मियामाकडं बघून

आमच्या इकडं परभणीत सकाळी सहाला पोरी ग्राउंडवर येतात, ऊन चढायच्या आत प्रॅक्टिस उरकायची असते, आणि दरवर्षी तेच भांडण, कॅप्टन कोण. जी जास्त गोल मारते तिला वाटतं मीच. पोरींनो, आधी जपानची फुटबॉलर आया मियामा बघा.

१७ जुलै २०११, फ्रँकफर्ट, बायकांच्या फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल, समोर अमेरिका. ८१व्या मिनिटाला मियामानं बरोबरी केली, जादा वेळेत जपाननं परत एक गोल खाल्ला, मग ११७व्या मिनिटाला तिच्याच कॉर्नरवर होमारे सावानं जवळच्या पोस्टकडं पळत येऊन बॉलला पाय लावला, २-२. पेनल्टीवर जपान ३-१ जिंकलं, आशियातली पहिली टीम. सगळ्या पोरी नाचायल्या आणि मियामा गेली कुठं तर हरलेल्या अमेरिकेच्या पोरींकडं, त्यांना धरून उभी राहिली. मला तर अजूनबी ते बघताना भरून येतं. आणि कॅप्टन तेव्हा सावा होती बरं का, मियामाच्या दंडाला पट्टा नंतर आला.

तर करायचं काय. मॅच जिंकली की ओरडायच्या आधी समोरच्या टीमची जी पोरगी खाली बसलीय तिच्याकडं जा, भाषण नको, खांद्यावर हात ठेवायचा आन् म्हणायचं चांगली खेळलीस, बास.

आपल्या पोरीकडून चूक झाली तर आणखी जपून. मागं एका स्पर्धेत आमच्या गोलकीपरच्या पायातून बॉल गेला, सगळ्याजणी तिच्यावर तुटून पडल्या, मीबी गप्प राहिलो, ती चार दिवस आलीच नाही. शेवटी कॅप्टन तिच्या घरी गेली, तिच्यासोबत बसून भाकरी खाल्ली, त्या मॅचचं नाव पण काढलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोघी एकाच सायकलवर ग्राउंडवर. तेव्हा चूक झाली की पहिला आवाज कॅप्टनचा पाहिजे, "चल, पुढचा बॉल".

मग पास. मियामा दोन्ही पायांनी मारायची, म्हणून बॉल समोरचीला पाहिजे तसा जायचा. तुम्ही प्रत्येकीला विचारून ठेवा, कोणता पाय चालतो, बॉल पायात पाहिजे का पुढं. आपला कच्चा पाय भिंतीवर रोज ५० वेळा मारून पक्का करा. कॉर्नरसाठी जवळच्या पोस्टपाशी चप्पल ठेवा आणि बॉल तिच्यावरून गुडघ्याएवढ्या उंचीनं गेला पाहिजे, पळत येणारीनं नुसता पाय लावायचा.

पाणी शेवटी प्यायचं, आधी बाकीच्यांना द्यायचं. आणि पेनल्टी प्रॅक्टिसच्या शेवटी, पाय दुखायलेत तेव्हाच मारा, कारण त्या फायनलमध्ये जपानची पहिली पेनल्टी मियामानंच घेतली, दोन तास पळून झाल्यावर, आणि घातली.