अमेरिकेत नवीन जॉब? डब्ल्यू-४ असा भरा

जॉइन झाल्या झाल्या एचआर डब्ल्यू-४ फॉर्म देतं, तो बघून घाबरू नका, पगारातून फेडरल टॅक्स किती कापायचा एवढंच त्यावरून ठरतं आणि तो आयआरएसला (अमेरिकेचं टॅक्स खातं) पाठवायचा नसतो, कंपनीलाच द्यायचा. स्टेप १ मधे नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर, फायलिंग स्टेटस (टॅक्स सिंगल म्हणून भरणार की मॅरिड म्हणून वगैरे) आणि स्टेप ५ मधे सही, बऱ्याच सिंगल लोकांचं काम इथेच संपतं. सही राहिली तर फॉर्म व्हॅलिड नाही बरं का.

खरी गोची स्टेप २ ला होते. नवरा-बायको दोघं कमावत असाल आणि दोघांनी नुसतं 'मॅरिड फायलिंग जॉइंटली' (दोघांचा टॅक्स एकत्र भरणार) टिक करून सोडलं तर दोन्हीकडे टॅक्स कमी कापला जातो, मग एप्रिलमधे वर्षाचा टॅक्स हिशोब देताना भलंमोठं बिल! दोनच जॉब असतील आणि पगार साधारण सारखे असतील तर २(सी) चा बॉक्स टिक करा, पण दोघांच्याही फॉर्मवर. पगारात खूप फरक असेल तर आयआरएसच्या साइटवरचा एस्टिमेटर (किती टॅक्स कापायला हवा ते काढून देणारा कॅल्क्युलेटर) वापरलेला बरा.

मुलांचं क्रेडिट (मुलांमुळे टॅक्समधे मिळणारी सूट) स्टेप ३ मधे, आणि तेही एकाच्याच फॉर्मवर टाका, शक्यतो जास्त पगारवाल्याच्या. २०२० पासून जुने 'अलाउन्स' (फॉर्मवर लिहायचा आकडा, जितका मोठा तितका टॅक्स कमी कापला जायचा) बंद झालेत, त्यामुळे शून्य लिहू की एक असं कोणी सांगत असेल तर सोडून द्या. नंतर लग्न झालं, बाळ झालं तर नवीन फॉर्म कधीही देता येतो.