पूडलचं संकरित पिल्लू घेताय? आधी त्याचं तोंड नीट पाहा
लॅब्राडूडल (लॅब्राडॉर आणि पूडलचा संकर) किंवा कॉकापू (कॉकर स्पॅनियल आणि पूडलचा संकर) या कुत्र्यांचे केस गळत नाहीत, असं सर्रास सांगितलं जातं. पण एकाच वेतातल्या भावंडांमध्येही फरक असतो. साधारण 8 आठवड्यांच्या पिल्लाच्या नाकाभोवती आणि भुवयांवर दाढी-मिशांसारखे लांब केस आहेत का, ते पाहा. तोंड गुळगुळीत असेल, तर मोठेपणी केस जास्त गळण्याची शक्यता असते. दाढीवाल्याचे कमी गळतात, पण गुंततात. रोज विंचरायची तयारी हवीच.

मग आईला भेटा. ती भित्री किंवा चिडकी वाटली, तर पिल्लू कितीही गोड असो, परत फिरा. आईवडिलांच्या डोळ्यांचे आणि खुब्याचे तपासणी अहवालही मागा.

घरात कुणाला अ‍ॅलर्जी असेल, तर पैसे देण्याआधी त्या व्यक्तीला अशा कुत्र्यांसोबत दोन-तीनदा बसवा. अ‍ॅलर्जी लाळेतून आणि त्वचेच्या कोंड्यातूनही होते.