जिप्सीच्या स्टिअरिंगचा प्ले: त्या स्क्रूला शेवटी हात लावा

जुनी जिप्सी गॅरेजात नेऊन "स्टिअरिंगला प्ले आहे" एवढंच म्हणा (प्ले म्हणजे चाकं न हलता स्टिअरिंगचं नुसतंच फिरणं). दहातले आठ मिस्त्री स्टिअरिंग बॉक्सवरचा चेकनट (स्क्रू जागेवर धरून ठेवणारा नट) सैल करतील, मधला स्क्रू अर्धा फेरा आवळतील आणि "घ्या, झालं" म्हणतील. माझ्या 1998 च्या जिप्सी किंगला हा इलाज दोनदा झाला. तिसऱ्यांदा तो मी स्वतःच केला, आणि तेव्हाच सगळ्यात महागात पडला. ते पुढे सांगतो.

आधी प्ले खरंच जास्त आहे का ते बघा. चाकं सरळ, गाडी सपाट जमिनीवर, इंजिन बंद. चाक हलायला लागेपर्यंत स्टिअरिंगची रिम अडीच-तीन सेंटीमीटर फिरत असेल तर गप्प बसा. बॉल-नट बॉक्सची (आत गोळ्यांवर सरकणारा नट असलेल्या स्टिअरिंग बॉक्सची) ही जात आहे, नव्या हॅचबॅकसारखी ती कधीच वागणार नाही.

जास्त असेल तर एकाला आत बसवा आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवत राहायला सांगा. तुम्ही खाली झोपा. गाडी जॅकवर घेऊ नका. चाकांवर वजन असलं तरच ढिला सांधा बोलतो. प्रत्येक सांध्यावर हात ठेवत जा: कॉलमच्या खालचा रबर जॉइंट, ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा दांडा), ड्रॅग लिंकची (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीची) दोन टोकं, टाय रॉडची (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांडीची) दोन टोकं. या टोकांच्या सांध्यांनाच एंड म्हणतात. एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, असं हाताला लागलं की चोर सापडला. बॉक्सचे बोल्टही बघा. अख्खा बॉक्स चॅसीवर हलताना मी पाहिलाय, आणि मालक बिचारा एंड बदलत बसला होता.

एंड गेला असेल तर बदला. स्प्लिट पिन नवी घाला, एंडच्या बोल्टाच्या आट्यांवर हातोडा मारू नका.

मग पुढचं चाक उचला, खाली घोडी (स्टँड) लावा. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर आतल्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंग पिनचं (ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिचं) बेअरिंग. नदीनाल्यात गाडी घालणाऱ्यांनी दोष किंग पिनमध्येच आहे असं धरून चालावं. सील फाटलं की पाणी शिरतं आणि ग्रीसचा चिखल होतो. नुसत्या शिम (मधल्या पातळ चकत्या) काढून खराब बेअरिंग घट्ट करणं म्हणजे काम पुढे ढकलणं.

एवढं सगळं ठणठणीत निघालं तरच बॉक्स. आता तो स्क्रू.

या बॉक्सचे दाते मुद्दामच असे कापलेले असतात की गाडी सरळ असताना ते एकमेकांत घट्ट बसतात आणि वळणावर थोडे सैल होतात. झीजही मधेच जास्त होते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. म्हणून स्क्रू फक्त बॉक्स बरोबर मध्यावर असताना आवळायचा. मी तो चाकं वळलेली असताना आवळला. तिथला सैलपणा मूळचाच होता, तो मी प्ले समजून काढून टाकला. ताम्हिणी घाट उतरताना पहिल्या मोठ्या वळणानंतर स्टिअरिंग परत यायलाच तयार नाही! प्रत्येक वळणावर दोन्ही हातांनी ओढून सरळ करत कसाबसा खाली आलो.

बॉक्सचा मध्य स्टिअरिंगच्या आऱ्यांवरून ठरवू नका. कुणीतरी कधीतरी स्टिअरिंग काढून 'सरळ' करून बसवलेलं असतं. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवा. स्टिअरिंग हळूच एका टोकाला न्या (आदळू नका, आतले भाग बिघडतात), तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि निम्मे परत या. तो खरा मध्य, रिमवर टेपची खूण करा. त्या जागी चाकं सरळ नसतील तर ड्रॅग लिंकची लांबी बदला. स्टिअरिंग उपटून फिरवून बसवलंत तर चूक फक्त झाकली जाईल.

बॉक्समध्ये 90 नंबरचं गिअर ऑइल आहे ना ते बघा, मग चेकनट सैल करा. स्क्रू एका वेळी अष्टमांश फेराच आवळा. चेकनट आवळताना स्क्रू पेचकसाने धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो. आता दोन बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर किंचित जडपणा जाणवला पाहिजे, पण कुठेही अडकता कामा नये. अडकलं तर मागे घ्या. मधला प्ले काढला की बाजूला अडकतं आणि बाजू मोकळी केली की मधे खडखडतं, असं झालं तर बॉक्स संपला. पुन्हा आवळू नका, उघडून भाग बदला किंवा दुसरा बॉक्स बघा.

स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगच्या दांडीला लावलेला शॉक अब्सॉर्बर) बदलून प्ले जातो असं सांगणारे भेटतील. डॅम्पर फक्त थरथर लपवतो.

ड्रॅग लिंक जोडा, अलाइनमेंट करून घ्या आणि रिकाम्या रस्त्यावर वीसच्या वेगात वळून हात सैल सोडा. स्टिअरिंग आपणहून परत आलं तरच घाटात न्या, आणि दोनेकशे किलोमीटरनंतर बॉक्सचे बोल्ट व चेकनट पुन्हा एकदा तपासा.