चार जुलैची पीचट्री: एका टी-शर्टासाठी दहा किलोमीटर

दरवर्षी मे महिन्यात अटलांटातल्या मराठी ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "ती चार जुलैची पीचट्री शर्यत तुम्ही करता ना? मला जमेल का हो?" जमेल की. पण मेमध्ये विचारून काय उपयोग? नोंदणी मार्चच्या आसपास सुरू होते. शर्यत भरवणाऱ्या अटलांटा ट्रॅक क्लबच्या वेबसाइटवर जाऊन तारीख बघा आणि फोनवर गजर लावून ठेवा. क्लबचं सभासदत्व घेतलं तर जागा मिळायला सोपं जातं, मी तेच करते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पीचट्री रोड रेस १९७० साली सुरू झाली. त्या वर्षी ११० जण धावले, आता पन्नास-साठ हजारांच्या घरात धावतात. अंतर १० किलोमीटर, म्हणजे ६.२ मैल. सुरुवात अटलांटाच्या बकहेड भागातल्या लेनॉक्स स्क्वेअर मॉलजवळ, शेवट पिडमाँट पार्कला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन असतो, त्यामुळे निम्मे लोक झेंड्याच्या रंगांत. कुणी स्वातंत्र्यदेवीचा मुकुट घालून पळतं, कुणी अंकल सॅमची उंच टोपी. वेळेची फिकीर असलेले पुढच्या गटांत असतात. आपण मागच्या गटांत, आणि खरी जत्रा मागेच भरते.

गट अक्षरांनुसार असतात. आधीच्या एखाद्या शर्यतीतली वेळ दाखवली तर पुढचं अक्षर मिळतं. नाही दाखवली तर मागचं मिळतं, म्हणजे तुमची सुरुवात उशिरा आणि ऊन जास्त. तेवढ्यासाठी तरी वसंतात एखादी छोटी ५ किंवा १० किलोमीटरची शर्यत करून ठेवा. व्हीलचेअरवाले सगळ्यात आधी सुटतात, पळणारे सातच्या सुमाराला. शेवटचे गट सुटेपर्यंत ऊन चांगलं डोक्यावर येतं.

तयारीत मी पहिल्या वर्षी मोठी चूक केली. आम्ही अल्फारेटाला, अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. तिथल्या बिग क्रीक ग्रीनवेवर मी तीन महिने रोज सकाळी पळायचे. झाडांची सावली, रस्ता गुळगुळीत, आणि सगळा कसा सपाट! पीचट्री सपाट नाही. पहिले तीन मैल बहुतेक उतार आहे, पाय आपोआप पळतात आणि आपल्याला वाटतं, वा, आपण तर तयारच आहोत. मग पीचट्री क्रीकचा ओढा ओलांडला की समोर चढ उभा राहतो. त्याचं नाव कार्डिअॅक हिल, म्हणजे हृदयाची टेकडी, आणि वर पिडमाँट हॉस्पिटल. नाव ठेवणाऱ्यानं गंमत केली असेल, पण मी त्या वर्षी चढावर कमरेवर हात ठेवून उभी राहिले ती दोन मिनिटं हललेच नाही.

चढाच्या डोक्याशी शेफर्ड सेंटर आहे. पाठीच्या कण्याला, मेंदूला इजा झालेल्यांचं पुनर्वसन तिथे होतं. तिथले पेशंट व्हीलचेअर घेऊन फुटपाथच्या कडेला येतात आणि आपल्याला ओरडून चढवतात. मी उभी होते तेव्हा मानेला पट्टा लावलेला एक विशीतला मुलगा माझ्याकडे बघून घंटा वाजवायला लागला. थांबेचना. मी चालायला लागले तेव्हा थांबला, आणि लगेच मागच्या एका काकांकडे बघून सुरू झाला.

तेव्हा आता ऐका. आठवड्यातून एक दिवस चढावर पळा. आपल्या सबडिव्हिजनमधला कुठलाही चढाचा रस्ता चालतो, सहा वेळा वर, सहा वेळा खाली. आणि शर्यतीच्या दिवशी उतारावर मुद्दाम हळू पळा. लोक भराभर पुढे जातील, जाऊ द्या. त्यातले बरेचसे कार्डिअॅक हिलवर भेटतात.

उन्हाचं म्हणाल तर मी चिपळूणची, मला घामाचं कौतुक नाही. पण इथला जुलै म्हणजे आपल्याकडचा पाऊस पडायच्या आदल्या दिवसाचा जून. हवा अंगाला चिकटते. वाटेत रंगीत झेंडे लावलेले असतात: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका, वेग कमी करा. काळा लागला तर शर्यत थांबली, मुकाट्यानं सांगतील तिकडे जायचं. सुती बनियन-टीशर्ट घालून पळू नका, भिजून गोणपाट होतो. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलिन लावा, लाजू नका.

आदल्या संध्याकाळी मिसळ नको, बाहेरचं तर काहीच नको. मी वरणभात खाते आणि नऊला झोपते. पहाटे चारला चहा, अर्धं केळं, आणि छोट्या बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. ते गाडीतच संपवते.

गाडी म्हणजे मार्टाच्या, इथल्या मेट्रोच्या, स्टेशनपर्यंतची. शहरात गाडी नेण्याचा विचारसुद्धा करू नका, रस्ते बंद असतात. आमच्यासारखे उत्तरेकडचे लोक नॉर्थ स्प्रिंग्जला गाडी लावून लाल लाइन पकडतात. आता यात एक मेख आहे. लेनॉक्स नावाचं स्टेशन सोनेरी लाइनवर आहे, लाल लाइनवर नाही. लाल लाइनवाल्यांनी बकहेडला उतरायचं आणि गर्दीबरोबर चालायचं. तिकीट आदल्या दिवशीच काढून ठेवा, परतीचंसुद्धा. पहाटे मशीनसमोरची रांग बघून रडू येतं. फिरत्या संडासांचीही तीच गत, पोचल्या पोचल्या आधी त्या रांगेत उभे राहा.

वाटेत पाणी कागदी पेल्यांतून देतात. पहिल्या टेबलावर झुंबड असते, शेवटच्या टेबलाकडे जा. पेला हातात घेतला की कड चिमटीत दाबा, चोचीसारखी होते, मग चालता चालता पिता येतं, नाकात जात नाही. रिकामे पेले पायाखाली हजारोंनी पडलेले असतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात, तिथे पाय उचलून टाका. याशिवाय घरमालक बागेतल्या पाइपनं फवारे मारतात, कुणी बिअर पुढे करतं (सकाळी आठला!), बँड वाजत असतात. सेंट फिलिप कॅथीड्रलपाशी पाद्री पळणाऱ्यांच्या अंगावर पवित्र जल शिंपडतात. मी दरवर्षी मुद्दाम त्या बाजूनं जाते. गंगाजल समजून घेते, गारही वाटतं.

चढ संपला म्हणजे सगळं संपलं असं नाही. मिडटाउनमध्ये पुढेही लहानसहान चढउतार आहेत, तिथे पाय बोलायला लागतात. मग डावीकडे दहाव्या रस्त्याला वळलं की उतार आणि पार्क.

घरच्यांना भेटायची जागा नीट ठरवा. अटलांटात पीचट्री नावाचे रस्ते डझनानं आहेत. आमचे हे एका वर्षी पाण्याची बाटली घेऊन वेस्ट पीचट्रीवर तासभर उभे होते. माणूस नाही, मोटार नाही, तरी यांना शंका आली नाही. आता आम्ही मिडटाउन स्टेशनच्या दाराशी भेटतो. परतीची गाडीही तिथूनच मिळते. मुलांना घेऊन यायचं असेल तर तीन जुलैला पिडमाँट पार्कात त्यांची वेगळी 'पीचट्री ज्युनिअर' असते.

आणि टी-शर्ट. तो पूर्ण केल्यावरच मिळतो, आधी नाही. त्यावरचं चित्र स्पर्धेतून निवडतात. अंतिम चित्रं लोकांसमोर मतदानाला ठेवलेली असतात, पण जिंकलं कुठलं ते शर्यत संपवणाऱ्यांच्या हातात शर्ट पडतो तेव्हाच कळतं. मग दिवसभर तोच घालून फिरायचा रिवाज आहे. दुकानात, बार्बेक्यूला, रात्री फटाके बघायला जाल तिथे अनोळखी माणसं तुमच्या छातीकडे बघून मान डोलावतात. जुने लोक शर्यतीला पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा विटलेला शर्ट मिरवत येतात, तो वेगळाच रुबाब.

शर्टाचं माप नोंदणी करतानाच विचारतात, तिथे एक माप मोठं लिहा. माझा पहिल्या वर्षीचा पहिल्याच धुण्यात आकसला, तो आता धाकटी झोपायला घालते.